टॉलपडलचे सहा शेतमजूर



ख्रिस्ती श्रद्धेवर ठाम राहणे आणि त्या ठामपणाचा भोवतालच्या माणसांवर होणारा परिणाम, हा विषय एखाद्या धर्मोपदेशकाने मांडावा अशी तुमची अपेक्षा असल्यास ती गैर नाही. आमचे आयुष्य गेटसभा, वर्गणीच्या पावत्या आणि कोर्टाच्या तारखा यांत गेले. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण काय झाले असेल ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. आम्ही ख्रिस्तीही नाही. परंतु कामगार चळवळीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यात जागोजागी बायबल वाचणारी माणसे भेटू लागली. त्यांना वगळून तो इतिहास सांगता येईना. त्यांपैकी सहा जणांची हकिगत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे लहानसे खेडे आहे. १८३०च्या सुमारास तेथील शेतमजुरास आठवड्याला ९ शिलिंग मिळत. ते ८ झाले, मग ७ झाले, आणि आता ६ होणार असे ऐकू येऊ लागले. या मजुरांचा पुढारी जॉर्ज लवलेस हा नांगर हाकणारा गडी. परंतु रविवारी तोच गडी आसपासच्या गावी पायी जाऊन प्रवचन करी. तो मेथडिस्ट पंथाचा होता.

हा पंथ काय होता हे थोडे नीट पाहिले पाहिजे, कारण खरी गोम तेथे आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली याने देवळात न येणाऱ्या लोकांसाठी उघड्या माळावर प्रवचने सुरू केली. १७४२ साली ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडावयाचे होते. तेव्हा बारा-बारा माणसांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक प्रमुख असावा आणि त्याने दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करावी, असे ठरले. प्रमुख घरोघर जाऊ लागला तसे त्याला कोण आजारी आहे, कोण दारूच्या नादी लागला आहे, कोणाच्या घरी भाकरी नाही, हे कळू लागले. वसुलीतून विचारपूस निर्माण झाली! ज्याने आयुष्यात कधी वर्गणी गोळा केली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. या व्यवस्थेत साधा मजूर हिशेब ठेवावयास शिकला, चार माणसांत उभा राहून बोलावयास शिकला. लवलेसने मजुरीतून पैसे वाचवून धर्मग्रंथांचा छोटासा संग्रहही केला होता.

मजुरीचा प्रश्न निघाला तेव्हा हे लोक आधी बोलणी करावयास गेले. लवलेसने पुढे स्वतः लिहिलेल्या हकिगतीप्रमाणे, इतर ठिकाणी मिळते तितकी मजुरी देऊ असे जमीनदारांनी कबूल केले आणि गावचा पाद्री त्या वचनाला साक्षी राहिला. पुढे मजुरी कमी झाली तेव्हा, असे काही झालेच नाही, असे त्या पाद्र्याने सांगितले. अशा वेळी सामान्य माणूस धर्माला शिव्या घालून मोकळा होतो. लवलेसची श्रद्धा मात्र पाद्र्याच्या शब्दावर टेकलेली नव्हती, म्हणून तो शब्द मोडला तरी ती पडली नाही.

१८३३ साली त्यांनी शेतमजुरांची संस्था काढली. प्रवेशाला एक शिलिंग आणि आठवड्याला एक पेनी. हे पेनीचे माप कोठून आले असावे हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. संस्थेचे नियम पाहण्याजोगे आहेत. दांडगाईने आपले कार्य कधीही साधणार नाही, असे एका नियमात स्पष्ट म्हटले होते. सभेच्या वेळी अचकट-विचकट गाणी नकोत, आणि राजकारण व धर्म यांवर बोलणेही नको, असेही होते. संस्थेचा पुढारी प्रवचनकार, आणि सभेत धर्म काढावयाचा नाही! आम्हांला या नियमाचे फार मोल वाटते. येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली आहे. आमटीत मीठ विरघळलेले असते तोवर कोणी त्याचे नाव काढीत नाही; खडा दाताखाली आला की जेवणारा तक्रार करतो.

एक चूक मात्र त्यांनी केली. नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, सांगाड्याचे चित्र समोर ठेवून शपथ देण्याची त्या काळच्या संघटनांची रीत त्यांनी उचलली. या सांगाड्याचे आम्हांला कधीच कौतुक वाटले नाही, आणि त्यानेच घात केला. मजुरांच्या संघटना १८२४ पासून कायदेशीर होत्या, तेव्हा संस्था काढल्याबद्दल पकडता येईना. मग आरमारातील बंडानंतर १७९७ साली झालेला बेकायदा शपथांचा कायदा शोधून काढण्यात आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी पहाटे जॉर्ज लवलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट यांना पकडून सुमारे सात मैल चालवत डॉर्चेस्टरला नेले. तेथे तुरुंगातील धर्मोपदेशकाने त्यांनाच आळशी व असंतुष्ट ठरवून खरडपट्टी काढली.

पुढे एक वकील लवलेसला भेटला. संस्थेत आणखी कोण कोण आहे ते सांग, तिच्याशी संबंध तोडतो म्हण, म्हणजे बायकामुलांकडे घरी जाता येईल, असे त्याने सुचविले. लवलेसने नकार दिला. मार्च महिन्यात खटला होऊन सहाही जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ऑस्ट्रेलियाकडे झाली.

यातील हॅमेटकडे विशेष लक्ष द्यावे. तो धुतल्या तांदळासारखा नव्हता. लोखंडाच्या चोरीबद्दल तो पूर्वी तुरुंगात जाऊन आला होता. शपथेच्या त्या रात्री तो हजरच नव्हता, त्याचा भाऊ होता, असे सांगतात. नाव चुकले एवढे म्हटले असते तरी कदाचित सुटका झाली असती. तो गप्प राहिला. प्रवचनकारांच्या संगतीत तो कसा बदलला हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु चांगल्या माणसाचा परिणाम पाहावयाचा तर तो त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसात पाहावा, असे आम्हांला वाटते.

येथे थोडे स्वतःचे सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अहमदनगरच्या एका कारखान्यात आम्ही युनियन बांधीत होतो. त्या वेळी लागू असलेल्या १९७१च्या कायद्याप्रमाणे मान्यता मिळण्यास सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागत. आमची संख्या दोन महिने थोडक्यात कमी पडत होती. आमचे खजिनदार ख्रिस्ती होते. रविवारची उपासना चुकवीत नसत आणि धर्मावर आपण होऊन चकार शब्द काढीत नसत. सारे त्यांना मास्तर म्हणत. पंधरा-वीस पावत्या मागील तारखेच्या फाडा, असे आम्ही त्यांना सांगितले. ते म्हणाले, "दादा, खोटी तारीख मी नाही घालणार. हवं तर खजिनदारी दुसऱ्या कोणाकडं द्या, माझी वर्गणी चालू राहील."

आम्ही रागावलो. मालकाचा माणूस आहे, असे चारचौघांत बोललो. अर्ज त्या वर्षी करता आला नाही. दरम्यान तीन कामगारांना काढून टाकले. त्यांपैकी एकाला नोकरी पुन्हा कधीच मिळाली नाही. त्याच्या घरी दर पगाराच्या दिवशी मास्तर जात. दोन वर्षांनी मान्यता मिळाली तेव्हा कंपनीच्या वकिलाने आमची वही तीन दिवस तपासली आणि एकाही पावतीवर त्याला बोट ठेवता आले नाही. यावरून मास्तरांचेच बरोबर होते असा हिशेब आम्ही मांडीत नाही. नोकरी गेलेल्या माणसासमोर तो मांडण्याचे धैर्य आमच्यात नाही. परंतु पुढे रकमेचा वाद निघाला की मास्तरांना न मानणारे कामगारही, "मास्तरांना विचारा," म्हणत. आम्ही मालकाचा माणूस म्हटले ते शब्द मात्र मास्तर जिवंत असेतो परत घेतले नाहीत.

टॉलपडलच्या मजुरांची गोष्ट पुढे अशी झाली. त्यांच्या कुटुंबांना गावच्या गरीब-मदतीतून काही द्यावयाचे नाही असे तेथील न्यायदंडाधिकारी जमीनदाराने ठरविले. लंडनच्या कामगारांनी वर्गणी काढून त्यांना जगविले. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. सह्या करणाऱ्यांत मेथडिस्ट किती असतील? लवलेसच्या पंथाच्या वरिष्ठांनी तर तोंड उघडलेच नाही म्हटले तरी चालेल. मार्च १८३६ मध्ये संपूर्ण माफी मिळाली. बायको ऑस्ट्रेलियाकडे निघाली असेल तर वाटेत चुकामूक होईल, म्हणून लवलेस तिचे उत्तर येईपर्यंत तेथेच थांबला आणि १८३७ च्या जूनमध्ये मायदेशी पोहोचला.

सहांपैकी पाच जण पुढे कॅनडात गेले. लवलेसने तेथे शेती केली आणि प्रार्थनागृह उभारण्यास हातभार लावला. इकडे १८७२ साली इंग्लंडमधील शेतमजुरांची मोठी संघटना उभी राहिली. तिचा पुढारी जोसेफ आर्च. तोही मेथडिस्ट प्रवचनकार, तोही शेतमजूर. टॉलपडलला एकटा हॅमेट उरला होता. १८७५ साली या नव्या संघटनेने त्याला घड्याळ देऊन त्याचा सत्कार केला. तो बांधकामावर मजुरी करून जगला, म्हातारपणी दृष्टी अधू झाली आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या सरकारी गरीबखान्यात वारला. त्याला टॉलपडलच्या देवळाच्या आवारात पुरले. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसावयास १९३४ साल उजाडावे लागले.