नयनाभिघात : पहिल्या काही तासांची चिकित्सा
शेंद्रा परिसरातील कृष्णगत व्रणांच्या निमित्ताने

शालाक्यतंत्र म्हटले की आपल्या मनात प्रथम तिमिर, लिंगनाश, अभिष्यंद हे व्याधी येतात. आगंतु हेतूने होणाऱ्या नेत्रविकारांकडे त्या मानाने आपले लक्ष कमी जाते. वस्तुतः सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रातील एकोणिसावा अध्याय स्वतंत्रपणे नयनाभिघातासाठी दिला आहे, तर पाचव्या अध्यायात कृष्णगत रोगांचे वर्णन केले आहे. औद्योगिक वसाहतीच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना या दोन अध्यायांची गरज जवळपास रोज पडते, असे आम्हांस वाटते. आधुनिक नेत्रशास्त्रातील गेल्या तीस वर्षांच्या संशोधनाशी त्यांची सांगड घालून आपल्या हाती नेमके काय करणे आहे, याचा विचार या लेखात मांडत आहोत.

परिसर आणि हेतू

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले की शेंद्रा पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. २००१ मध्ये येथे स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली आणि तिच्या मागोमाग सुटे भाग करणारे अनेक कारखाने आले. पुढे शेंद्रा-बिडकीन ही ‘ऑरिक’ औद्योगिक नगरी आकारास आली व २०१९ मध्ये तिच्या प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन झाले. लहान शेडमधून ग्राइंडिंग, वेल्डिंग, लेथ आणि प्रेसची कामे चालतात. वसाहतीची भिंत ओलांडली की कापूस, तूर, मका, बाजरी आणि उसाची शेते लागतात. एकाच घरातील थोरला भाऊ शेतात आणि धाकटा कंपनीत, हे येथील नेहमीचे चित्र आहे.

त्यामुळे या भागातील कृष्णमंडलाच्या अभिघाताचे दोन वेगळे प्रकार दिसतात. कारखान्यात लोखंडाचा तप्त कण, ग्राइंडिंगचा कचरा, वेल्डिंगचा प्रकाश किंवा रसायन हा हेतू असतो. शेतात उसाचे पाते, पऱ्हाटीचे टोक, मळणी यंत्रातून उडालेले कूस किंवा बैलाचे शेपूट. पहिल्यात जखम मोठी पण बहुधा स्वच्छ असते. दुसऱ्यात ओरखडा अगदी लहान असतो, मात्र त्यासोबत बुरशीचे बीज डोळ्यात जाते. म्हणून ‘डोळ्याला काय लागले?’ हा प्रश्न औषधाचे नाव सुचण्यापूर्वी विचारावयास हवा.

संशोधन काय सांगते ?

मदुराई जिल्ह्यातील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर एक लाख लोकसंख्येमागे दरवर्षी ११३ जणांना कॉर्नियाचा व्रण होत असल्याचे आढळले. त्याच शहरातील अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ४३४ व्रणरुग्णांपैकी २८४ जणांना, म्हणजे सुमारे ६५ टक्के रुग्णांना, आधी डोळ्यास इजा झालेली होती आणि ती बहुधा शेतीकामातील होती. जंतुजन्य आणि बुरशीजन्य व्रणांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नास वर्षांखालील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण कॉर्नियाची अपारदर्शकता हेच निघाले. ज्याला आपले लोक ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात, ते हेच. वार्धक्यातील मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो; तरुण कमावत्या माणसाच्या डोळ्यातील फूल मात्र दात्याचे नेत्र मिळेपर्यंत, आणि पुष्कळदा आयुष्यभर, तसेच राहते.

यात आशेची बाजू दाखविणारा अभ्यास नेपाळमधील भक्तपूरचा आहे. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ओरखडा झालेल्या ४४२ जणांना तीन दिवस, दिवसातून तीन वेळा क्लोरॅम्फेनिकॉलचे एक टक्का मलम लावले. ९६ टक्के रुग्ण कोणताही दोष न राहता बरे झाले. ज्यांना अठरा तासांच्या आत उपचार मिळाला त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. एक दिवस उलटून आलेल्यांत मात्र व्रणाचे प्रमाण झपाट्याने वाढले. प्रामाणिकपणासाठी हेही सांगावयास हवे की, नेपाळमध्येच पुढे मोठ्या प्रमाणावर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, असे स्वयंसेवक नेमलेल्या व न नेमलेल्या भागांत व्रणांच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे केवळ योजना आखून भागत नाही. रुग्णाने वेळेत येणे आणि त्याला पाहणाऱ्याने ओरखडा ओळखणे, या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. त्यांपैकी दुसरी पूर्णतः आपल्या हातची आहे.

शास्त्रोक्त साध्यासाध्यता

येथे सुश्रुताचार्यांच्या निरीक्षणाचे आश्चर्य वाटते. अभिघाताने एक पटल विद्ध झाले तर साध्य, दोन झाली तर कृच्छ्रसाध्य आणि तीन झाली तर वर्ज्य, असा त्यांचा निर्णय आहे. सव्रण शुक्राचे वर्णन करताना कृष्णभागात सुईने टोचल्यासारखे खोलगट रूप, उष्ण अश्रुस्राव आणि तीव्र वेदना ही लक्षणे त्यांनी दिली आहेत. जे शुक्र दृष्टीच्या समीप नाही, खोल नाही, ज्यात स्राव व वेदना नाहीत, ते कदाचित साध्य, असेही म्हटले आहे. आजचा नेत्रतज्ज्ञ व्रणाची खोली आणि बाहुलीपासूनचे अंतर याच दोन निकषांवर भवितव्य सांगतो. अक्षिपाकात्ययाशी पूययुक्त गंभीर व्रणाचे आणि अजकाजाताशी व्रण फुटून आतील पडदा बाहेर येण्याच्या अवस्थेचे साम्य सहज लक्षात येते.

साध्यासाध्यता सांगण्यामागे असाध्य रुग्ण वेळीच ओळखावा, हाच हेतू आहे. ज्याला शास्त्राने वर्ज्य म्हटले तो आमच्या दवाखान्यात थांबवून ठेवणे, ही शास्त्राचीच अवज्ञा होय.

प्रत्यक्ष व्यवहार

रुग्ण आल्यावर प्रथम प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे तपासून कागदावर लिहावी. त्यानंतर फ्लोरेसिनची पट्टी ओली करून लावावी आणि निळ्या प्रकाशात पाहावे. ओरखडा असेल तेथे हिरवा रंग चमकतो. ही पट्टी काही रुपयांत मिळते व प्रत्येक दवाखान्यात असावी. वरची पापणी उलटून पाहण्यास विसरू नये. कण पुष्कळदा तेथेच दडलेला असतो आणि प्रत्येक मिचकावणीला उभे ओरखडे पाडतो.

रसायन गेले असेल तर तपासणीही नंतर. आधी स्वच्छ पाण्याची धार, किमान अर्धा तास. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यात जाणे, हा आपल्या घरोघरचा धोका आहे. चुन्यासारखा क्षार अम्लापेक्षा खोल शिरतो, म्हणून चुन्याचे कण पापणीखालून कापसाने काढून टाकावेत व पुन्हा धुवावे. अशा इजांचे २००१ सालचे प्रसिद्ध वर्गीकरण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. हरमिंदर दुआ यांचे आहे. कृष्ण-शुक्ल संधीचा किती भाग दग्ध झाला, यावर ते आधारलेले आहे. याच संधीतील मूलपेशींचे रोपण करण्याची एक सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडली. दग्ध डोळ्यासाठी ही मोठी आशा आहे.

हातोड्याने छिन्नीवर घाव घालताना इजा झाली असेल, तर बाहेरून काहीही न दिसले तरी कण नेत्रगोलात गेल्याचा संशय धरावा. बाहुलीचा आकार बदललेला, दृष्टी एकदम कमी झालेली, पाण्यासारखा द्रव झिरपणारा डोळा दाबू नये, धुवू नये, त्यात थेंब वा मलम घालू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर ठेवून चिकटपट्टीने बांधावा आणि रुग्णास तत्काळ घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रालयात पाठवावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

वेल्डिंगच्या प्रकाशाने होणारी पीडा सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री सुरू होते. रुग्ण आकांत करतो, पण एक-दोन दिवसांत बरा होतो. त्याला बधिरता आणणारे थेंब घरी देणे मात्र घातक आहे. वेदना थांबते आणि व्रण भरणेही थांबते.

स्टेरॉइडचा प्रश्न

कडब्याचे पान लागलेला एक मध्यमवयीन शेतकरी आमच्याकडे नवव्या दिवशी आला होता. लाली कमी व्हावी म्हणून कोणीतरी सांगितलेले स्टेरॉइडयुक्त थेंब तो आठवडाभर घालीत होता. पहिले दोन दिवस आराम वाटला, मग बुबुळावर पिसासारख्या कडांचा राखाडी डाग पसरत गेला. नेत्रतज्ज्ञांनी बुरशीचे निदान केले. डोळा वाचला, पण दृष्टी बोटे मोजण्याइतकीच उरली.

स्टेरॉइडविषयीची सर्वांत मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ५०० रुग्णांपैकी बहुतांश अरविंद रुग्णालयांतील होते. केवळ जंतुजन्य व्रण निश्चित झालेल्या, आधी प्रतिजैविक दिलेल्या रुग्णांतही, तीन महिन्यांनंतर स्टेरॉइडमुळे दृष्टीत एकूण फरक पडला नाही. निदान न करता, बुरशीच्या शक्यतेत ते घालणे म्हणजे अग्नीत तूप ओतणे होय. २०१३ मधील ३२३ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत बुरशीजन्य व्रणासाठी नवीन व महाग व्होरिकोनॅझोलपेक्षा जुने नॅटामायसिन सरस ठरले, विशेषतः फ्युझेरियम बुरशीत. औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की, लाल डोळा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकास चिठ्ठीवाचून स्टेरॉइडचा थेंब देऊ नये आणि ‘काही लागले होते का?’ एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने डोळा वाचू शकतो.

हाच नियम आपल्या औषधांनाही लागू आहे. मधयुक्त अंजने, घरगुती अर्क, उघडे तूप सद्योव्रणात घालू नयेत. औषधनिर्मितीच्या ‘शेड्यूल टी’ने नेत्रौषधींसाठी वेगळी व्यवस्था सांगितली आहे, ती निर्जंतुकतेसाठीच. तीव्र अवस्थेत अंजन न करण्याचा शास्त्रादेशही त्याच दिशेचा आहे. त्या काळात पित्त-रक्तशामक आहार, विश्रांती, मलशुद्धी आणि आभ्यंतर औषध हे आपले क्षेत्र. व्रण भरल्याची नेत्रतज्ज्ञाने खात्री केल्यावर, अव्रण शुक्राच्या अवस्थेत तर्पण व लेखन कर्मांना वाव मिळतो.

चष्मा घालविण्याची शस्त्रक्रिया झालेले डोळे

अलीकडे इजा झालेल्या तरुणास आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ‘चष्म्याचे ऑपरेशन झाले आहे का?’ पूर्वीच्या रेडियल केराटोटॉमीत कॉर्नियावर चाकूने अरीय छेद घेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दहा वर्षांच्या पाहणीत ४३ टक्के डोळ्यांचा नंबर दूरदृष्टीच्या दिशेने एक किंवा अधिक डायॉप्टरने सरकलेला आढळला. असे डोळे मार लागल्यास त्याच छेदांवर फाटू शकतात. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून पुन्हा बसवितात. तो मूळच्या बळाने कधीच जुळत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी आघाताने सरकल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. इजेनंतर एकाएकी धूसर दिसू लागले तर अशा रुग्णास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. अंगमेहनतीचे काम करणाऱ्या तरुणाने शस्त्रक्रियेपूर्वी आपला व्यवसाय शस्त्रचिकित्सकास स्पष्ट सांगावा, हा सल्लाही आपण द्यावा.

आपले कर्तव्य

डोळ्यांच्या रक्षणाची जबाबदारी मालकावर टाकणारे कलम ३५ कारखाने अधिनियमात १९४८ पासूनच होते. तरीही घामाने धूसर होणारा गॉगल कामगार कपाळावर चढवितो, हे आपण पाहतो. रुग्णाशी बोलताना कारण विचारून घेतले, तर योग्य मापाचा, वाफ न धरणारा गॉगल मागण्याचे बळ त्याला येते.

परिषदेच्या सभासदांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. प्रत्येक नेत्राभिघात रुग्णाची पाच गोष्टींची नोंद ठेवावी : इजेची वेळ, येण्याची वेळ, काय लागले, पहिल्या दिवशीची दृष्टी आणि तीन महिन्यांनंतरची दृष्टी. शक्य तेथे छायाचित्र जोडावे. भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवही २००७ पासून आयुर्वेदीय अभ्यासांसाठीही खुली आहे. अव्रण शुक्रात आपली चिकित्सा किती उपयोगी आहे, याचे उत्तर केवळ ग्रंथप्रामाण्याने देऊन चालणार नाही. ते अशा नोंदींतूनच मिळेल. आणि नोंद ठेवताना पहिल्या अठरा तासांचे महत्त्व ज्याच्या ध्यानी येईल, तो वैद्य व्रण भरण्याची वाट पाहत बसणार नाही. इत्यलम्.