रेशनचा हक्क, जुनी मोजणी

२०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशन हा सरकारी मेहेरबानीचा नव्हे, हक्काचा विषय झाला. ग्रामीण भागातील ७५ आणि शहरांतील ५० टक्के लोकांपर्यंत माणशी महिना ५ किलो धान्य. सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ महिलेचे नाव, ही त्यातली सर्वांत शहाणी तरतूद. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे.

गोम आहे ती मोजणीत. लाभार्थ्यांची मर्यादा २०११च्या जनगणनेवर बेतलेली. लोक वाढले, राज्यांचा कोटा वाढला नाही. मग नवी सून किंवा तान्ह्या बाळाचे नाव चढणार कसे? शिवाय गहू-तांदळाने पोट भरते, पोषण होत नाही. छत्तीसगडने २०१२मध्येच आपल्या कायद्यात डाळ घातली होती. केंद्रीय कायद्याच्या हक्कात ती अजून नाही.