माद्रिदहून एका दिवसाची भाड्याची मोटार : खर्च किती, फायदा काय?

व्यापारी प्रदर्शनासाठी किंवा मालाच्या सौद्यासाठी स्पेनच्या राजधानीत, माद्रिदला, जाणाऱ्या आपल्या बांधवांच्या हाती काम आटोपल्यावर बहुधा एखादा दिवस उरतो. तो हॉटेलात घालविण्यापेक्षा भाड्याची मोटार घेऊन तोलेदो आणि तालावेरा ही कारागिरांची दोन गावे पाहावीत, असे आम्ही सुचवितो. मात्र भाड्याचा व्यवहार समजून न घेतल्यास ही स्वस्तातली सहल महागात पडते. म्हणून आधी व्यवहार पाहू.

मोटार कधी परवडते?

केवळ तोलेदो पाहायचे असेल तर मोटारीची गरज नाही. आतोचा स्थानकावरून वेगवान रेल्वे सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचविते. परंतु माद्रिद ते तोलेदो सुमारे ७० किलोमीटर, तेथून तालावेरा सुमारे ८० आणि परत माद्रिद सुमारे १२०, अशी फेरी एका दिवसात करायची तर मोटारच हवी. तिघे-चौघे भागीदार असतील आणि नमुन्याचा माल बरोबर आणायचा असेल तर ती परवडतेही.

भाड्याचा खरा हिशेब

जाहिरातीतील दर हा खरा दर नव्हे. विमानतळावरील कार्यालयाचा अधिभार, दुसऱ्या चालकाचे शुल्क आणि पूर्ण विम्याची रक्कम वेगळी असते. साध्या विम्यात मोटारीला ओरखडा आला तरी ठरावीक रकमेपर्यंतचा भार ग्राहकावर पडतो. त्यासाठी कंपनी मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवते. ही अनामत म्हणजे कर्ज नव्हे. पण कार्डाचे बिल मुदतीत न भरल्यास व्याज लागते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी डेबिट कार्ड चालते काय, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. बिल रुपयांत करू काय, असे विचारल्यास नकार देऊन युरोतच भरावे; रुपयांचा दर बहुधा तोट्याचा असतो.

मोटार ताब्यात घेताना चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि जुने ओरखडे करारपत्रावर नोंदवून घ्यावेत. भाडे २४ तासांचे असते. परतीस उशीर झाल्यास आणखी एका दिवसाचे भाडे लागू शकते. टाकी भरून घेतली असेल तर भरूनच परत करावी. येथे एक फसगत होते. ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल, तर ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. नावे सारखी वाटली तरी चूक झाल्यास इंजिनाचा खर्च आपल्याच माथी येतो.

परवाना व रस्ता

भारतीय परवान्याबरोबर आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना न्यावा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. स्पेनमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात आणि बहुतेक भाड्याच्या गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या असतात; स्वयंचलित हवी असल्यास आधी सांगावे. महामार्गावर वेगमर्यादा १२० किलोमीटर आहे. तोलेदोकडे जाताना ए-४२ हा रस्ता बिनटोल, तर एपी-४१ टोलचा आहे.

तोलेदो

मोटार गावाखालीच उभी करून सरकत्या जिन्याने वर जावे, कारण जुन्या गल्ल्या अरुंद आहेत. मुस्लिम राजवटीत हे शहर ‘तुलैतुला’ म्हणून ओळखले जाई. १०८५ साली ते कॅस्टिलच्या राजाकडे गेले. ९९९ साली बांधलेली बाब अल-मर्दूम मशीद आजही उभी आहे. तिच्या दर्शनी भागावर विटांतच रचलेला कूफी लेख असून त्यात बांधणाऱ्याचे नाव मूसा इब्न अली असे दिले आहे. मशिदीचे पुढे चर्च झाले. आता ती तिकीट काढून पाहण्याची वास्तू आहे. तेथे नमाज होत नाही. मशीद बांधणाऱ्या कारागिराचे नाव हजार वर्षे भिंतीवर टिकून आहे, हे आपल्या कारागिरांनी आवर्जून पाहावे.

गावातील ‘दमास्किनादो’ हे काम दमास्कसच्या नावाने ओळखले जाते. पोलादावर बारीक रेघा कोरून त्यांत सोन्याची तार हातोडीने ठोकतात व नंतर पोलाद काळे करतात. आपल्या बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत खोबणी कोरून चांदी बसवितात. दोन्ही कामांत नाते सहज दिसते. बाजारात यंत्रावरचा स्वस्त मालही विपुल आहे. म्हणून ज्या दुकानात कारागीर समोर बसून काम करतो, तेथेच भाव विचारावा.

तालावेरा

येथील मातीची भांडी व फरशा कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगवितात. ही झिलई ९व्या शतकातील इराकमध्ये विकसित झाली आणि मुस्लिम कारागिरांमार्फत स्पेनला पोहोचली. २०१९ साली युनेस्कोने या कलेला मेक्सिकोतील पुएब्ला व त्लाश्काला येथील कामासह अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. दुपारी दोन ते पाचच्या सुमारास कारखाने व दुकाने बंद असू शकतात आणि रविवारी बरीचशी बंदच असतात, हे ध्यानात ठेवून वेळ आखावी. जेवताना ‘सेर्दो’ व ‘हामोन’ म्हणजे डुकराचे मांस आणि ‘मान्तेका’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी, हे शब्द पाठ असावेत.

शेवटी एक मुद्दा. हस्तकलेच्या वस्तूंनाही गावाच्या नावाचे संरक्षण देणारा नियम युरोपीय संघाने २०२३ साली केला आणि तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे १९९९ च्या कायद्याखाली पैठणी व कोल्हापुरी चपलेची नोंद झालेली आहे. पण नोंद झाली म्हणून भाव मिळत नाही. नावाखाली नकली माल विकला जाऊ नये म्हणून कारागिरांनीच एकत्र येऊन राखण करावी लागते. परतताना डिकीत दोन ताटल्या असोत वा नसोत, हा धडा मात्र बरोबर आणावा.