कपाटाची किल्ली

मांजरा नदी बालाघाटाच्या ज्या डोंगरांत उगम पावते, त्या पाटोदा तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत मी बदलीने रुजू झालो, तेव्हा हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर, पितळी घंटा आणि दोन खुर्च्या यांच्याबरोबर एका लोखंडी कपाटाची किल्लीही माझ्या स्वाधीन करण्यात आली. आणि ती देताना बदलून जाणाऱ्या गुरुजींनी, मनापासूनच्या कळकळीने, कपाट शक्यतो उघडू नये असे मला बजावले. कपाटात निरनिराळ्या योजनांतून आलेली 212 पुस्तके होती. डांबरगोळ्यांच्या वासाने भरलेली, एकमेकांना चिकटलेल्या पानांची ती पुस्तके कोणाच्याही बोटाचा स्पर्श न होता कित्येक वर्षे तेथे उभी होती, आणि दप्तरी भाषेत जिला जडवस्तुसंग्रह नोंदवही म्हणतात व बोलताना सगळेच जिला डेडस्टॉक म्हणतात, त्या नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, किंमत आणि आवक-तारीख सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती.

त्या गुरुजींना मी दोष देत नाही. पुस्तक गहाळ झाले की लेखापरीक्षणात तफावत निघते, तफावतीचा खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा नामंजूर झाला की पगारातून वसुली होते, हा अनुभव ज्याने एकदा घेतला त्याने पुढे किल्ली जपली तर त्यात नवल नाही. परंतु पुस्तक हरवल्याची नोंद करावयास जेथे रकाना आहे आणि ते वाचले न गेल्याची नोंद करावयास कोठेच जागा नाही, तेथे कुलूप हेच कर्तव्यदक्षतेचे लक्षण ठरते, आणि माझ्या मते खेड्यापाड्यांतील वाचनाचे सर्वांत मोठे नुकसान याच एका गोष्टीने केले आहे.

वाचायला शिकणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे ज्याला वाचता येते त्याला सहसा आठवत नाही. पहिलीतल्या मुलाच्या शेजारी जमिनीवर बसून, त्याचे बोट ज्या गतीने अक्षराखालून सरकते त्याच गतीने आपली नजर सरकवली, म्हणजे कोठे काय अडते ते ध्यानात येते. पहिली वेलांटी वाचणाऱ्याच्या वाटेत अक्षराच्या आधी येते, पण उच्चारायची मागाहून. रफार नेमका याच्या उलट, तो पुढल्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो त्या अक्षराच्या आधी. 'चाक' आणि 'चार' या दोन शब्दांतला च लिहायला एकच, बोलायला दोन. अनुस्वाराचे टिंब 'आंब्या'त ओठ मिटायला लावते आणि 'अंगणा'त जीभ घशाकडे ओढून घेते. बाळबोध लिपी उच्चारानुसारी आहे, ही आपली अभिमानाची गोष्ट खरीच आहे. तरीही 'कि' वाचताना आधी वेलांटीवर बोट ठेवून थबकलेला सहा वर्षांचा मुलगा पाहिला, की त्या अभिमानाबरोबर थोडी सबुरीही मनात येते. क, ख, ग असा क्रम सोडून, आकाराने सोपी आणि नित्य वापरातली अक्षरे गटागटांनी शिकवण्याची जी पद्धत आता रूढ आहे ती मला मान्य आहे, कारण तिने मुलाच्या हातात पहिल्या पंधरवड्यातच अक्षरांऐवजी शब्द येतात.

पण शब्द हातात आला म्हणून तो ओळखीचा होतोच असे नाही. दुसरीत एक मुलगी होती. तिला सगळी अक्षरे येत, मात्रा-उकार येत, बोट कोठेही अडत नसे. तथापि वाचून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर काही वाचल्याची खूण उमटत नसे. एके दिवशी, चित्र नसलेल्या एका पानावर, तिने 'वि', 'ही', 'र' अशी अक्षरे लावली, ती जोडून 'विहीर' असे तीनदा म्हटले, आणि नेहमीप्रमाणे पुढे गेली. पुढच्या वाक्यात दोर होता, पोहरा होता, पोहऱ्यातून सांडणारे पाणी होते. तेथे तिचे बोट थांबले. मग ते सावकाश, आलेल्याच वाटेने, एक ओळ वर गेले आणि त्या तीन अक्षरांखाली पुन्हा टेकले, ती थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली आणि एकदम मान वर करून म्हणाली, "गुरुजी, ही तर इहीर हाय की!"

तिच्या घरी, तिच्या वस्तीवर, पाणी भरणाऱ्या कोणाही बाईच्या तोंडी 'विहीर' हा शब्द नव्हता. जी इहीर ती रोज पाहत होती, ती पुस्तकात निराळ्या वेषात उभी होती, आणि दोर-पोहऱ्याने साक्ष दिली तेव्हा तिने ती ओळखली. मी तिचा उच्चार सुधारला नाही. फळ्यावर 'विहीर' लिहिले आणि शेजारी 'इहीर' लिहिले, आणि असे आणखी कोणते शब्द आहेत ते वर्गाला विचारले. मग इंचू आला, इळा आला, इस्तू आला, येळ आली, प्रत्येकाच्या शेजारी मी विंचू, विळा, विस्तव, वेळ असे मांडत गेलो, आणि फळा भरायच्या आत तिसरीतल्या एका मुलाने नियमच सांगून टाकला: "घरी आपण व गिळतो, गुरुजी, पुस्तकात गिळत न्हाईत." भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला वर्णलोप म्हणतात तो त्या मुलाने आपल्या कानाने हुडकला होता, आणि आपली बोली अशुद्ध असल्याची टोचणी लागायच्या आधीच, ती आणि पुस्तकाची भाषा या दोन्ही आपल्याच आहेत अशा निःशंक सुरात तो बोलला होता.

त्याच आठवड्यात मी कपाट उघडले. मधल्या सुट्टीत खिचडी झाल्यावर, पहिली ते चौथीची सगळी मुले एका खोलीत बसवून, रोज पंधरा मिनिटे मी मोठ्याने वाचू लागलो, आणि त्यासाठी एकच नियम ठरवला: वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचा नाही. सारांश नको, तात्पर्य नको, कोण काय म्हणाले याची उजळणी नको. परीक्षेच्या भीतीने कान धरून ऐकणे आणि गोष्टीच्या ओढीने ऐकणे यांतला फरक मुलांच्या बसण्यातून समोर दिसतो. पहिल्या प्रकारात पाठ ताठ असते, दुसऱ्या प्रकारात गुडघे पोटाशी येतात, तोंड किंचित उघडे राहते, आणि शेजारच्याचा हात आपल्या पायावर पडला आहे याची शुद्ध नसते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासायची ठेवून दाराशी येऊन उभ्या राहत. बालभारतीने 1971 सालापासून चालवलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक कपाटात होते, ते मी आधी काढले. चौथीतला एक मुलगा, दुसऱ्या दिवशीपर्यंत धीर न धरवून, सुट्टीत माझ्याकडे उरलेली गोष्ट मागायला आला. पुस्तक मागायला आलेले ते त्या शाळेतले पहिले मूल. मी त्याला किल्लीच दिली.

पुढे 'श्यामची आई' घेतले. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक रात्रीरात्रींनी विभागलेले असल्यामुळे, दिवसाला एक रात्र असा क्रम आपोआप बसला. माझ्या अपेक्षेप्रमाणे मुले काही ठिकाणी हसली, काही ठिकाणी गप्प झाली. पण ज्या प्रश्नासाठी माझी तयारी नव्हती तो दिवाळीच्या तोंडावर आला. एका मुलाने विचारले, "श्यामची आई कारखान्याला जात नव्हती का?"

त्या भागात 'कारखान्याला जाणे' म्हणजे ऊसतोडीला जाणे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि दिवाळीनंतर गावेच्या गावे सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत जाऊन चैत्राच्या सुमाराला परततात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांची मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहू शकतात. बाकीची आईबापांबरोबर जातात, आणि आई पहाटेच्या अंधारात फडात गेली की उसाच्या पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात. हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे रिकामे रकाने वाढत जातात. परत आलेल्या मुलांना वाचायला बसवले म्हणजे विस्मरणाचाही क्रम असतो हे कळते: आधी जोडाक्षरे जातात, मग रफार, मग उकार-वेलांट्या, मुळाक्षरे मात्र शेवटपर्यंत टिकून राहतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा काढली होती. त्यांच्या कार्याशी माझ्या लहानशा उपायाची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु मनात तेच उदाहरण होते. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी दोन पुस्तके दिली, रजिस्टरात 'बाहेर दिली' अशी नोंद करून खाली माझी सही केली, आणि खताच्या पोत्याच्या आतले प्लास्टिक कापून त्यांची वेष्टने मुलांकडूनच करवून घेतली. निजामाच्या अमदानीत तहतानियात, म्हणजे त्या वेळच्या प्राथमिक मदरशात, दोन वर्षे काढलेले एक आजोबा नातवाला पोहोचवायला आले होते. ते पुस्तक उलटेसुलटे करून पाहत म्हणाले, "आमच्या येळी किताब मास्तरच्या हातात असायची, आमच्या हातात नुसती पाटी. गुरुजी, हरवली तर?" हरवली तर हरवली, असे मी त्यांना सांगितले, आणि ते सांगताना मला वसुलीची भीती वाटत नव्हती असे नाही.

चैत्रात पुस्तके परत आली, सगळी नव्हेत. काहींना चुलीची काजळी लागली होती, एकाचा कोपरा जळला होता, एकाची पाने उसाच्या रसाने चिकटली होती, आणि ती वाफेवर धरून सोडवताना वर्गात गुळाचा वास दरवळला. इहिरीची ओळख पटवणाऱ्या त्या मुलीने आपले पुस्तक सर्वांत शेवटी, दोन्ही हातांनी, टेबलावर ठेवले. मुखपृष्ठ गेले होते, शिवण सुटली होती आणि ती गोणपाटाच्या सुतळीने पुन्हा बांधलेली होती. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने सात नावे लिहिलेली होती, सात निरनिराळ्या हातांनी, काही तिरपी, काही रेघ सोडून खाली उतरलेली, एक तर अर्ध्यावरच थांबलेले. त्यांतले एकही नाव आमच्या शाळेच्या पटावर नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "शेजारच्या कोप्यांतली पोरं हायती. मी वाचायचे, त्यांनी ऐकायचं. ज्याला आपलं नाव लिवता आलं त्यानंच लिवलंय."

शिक्षक बंधूंना आणि भगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या शाळेत असे कपाट असेल तर ते आज उघडावे. खुलासा लिहायची वेळ आली तर तो लिहावा. मी दोनदा लिहिला, एकदा तो मंजूर झाला आणि एकदा पगारातून रक्कम भरली, आणि ती भरल्याचे मला कधी दुःख झाले नाही.

त्या शाळेचा चार्ज मी दिला त्या दिवशी डेडस्टॉकची अखेरची पडताळणी करावी लागली. जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करून ती यादीतून कमी करावीत असा शिरस्ता आहे, आणि बहुतेक फाटक्या पुस्तकांच्या बाबतीत मी तो पाळला. सात नावांच्या त्या पुस्तकाच्या क्रमांकापुढे मात्र, शेऱ्याच्या रकान्यात, मी पूर्ण अक्षरांत लिहिले: वापराने जीर्ण, पुढील वाचनास योग्य.