वसतिगृहाची पहिली रेघ

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफांच्या पेढ्यांची जुनी पेठ. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जिथे घरांची घडण असते, तिथे माडीवरची एखादी खोली रिकामी असतेच; आणि जवळपास महाविद्यालय असले की ती बाहेरगावच्या विद्यार्थ्याला भाड्याने मिळते. खाली गिऱ्हाइकांची वर्दळ आणि वर एका दिव्याखाली तिघांचा अभ्यास! हिंदुस्थानातील कितीतरी पदवीधर अशाच खोल्यांतून बाहेर पडले. तथापि ही सोय ज्याच्या खिशात भाडे आहे त्याचीच. ज्याच्यापाशी ते नाही, त्याचे नाव पटावर चढतच नाही.

रायपूर येथे १९६४ मध्ये रविशंकर विश्वविद्यालय स्थापन झाले, तेव्हा या प्रश्नाचा आवाका पेठेपुरता राहिला नाही. बस्तरमधील जगदलपूर रायपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर, आणि बस्तरला स्वतःचे विद्यापीठ लाभले ते २००८ मध्ये. मधल्या काळात पदव्युत्तर शिक्षणासाठी रायपूरला येऊ पाहणाऱ्या तिकडच्या मुलाला निजण्याची जागा मिळणे हीच प्रवेशाची पहिली अट होती. अशा विद्यापीठाच्या आवारात नवे वसतिगृह उभारावयाचे, तर आराखड्याची सुरुवात कोठून करावी?

सामान्यतः ती खाटांच्या संख्येपासून होते. दोनशे विद्यार्थी, म्हणजे इतक्या खोल्या, इतके मजले. परंतु रायपूरसारख्या गावी आधी सूर्याकडे पाहावे लागते. हे शहर सुमारे सव्वाएकवीस अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला कललेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सुमारे पंचेचाळीस अंशांवर उतरतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचे छज्जे घातले, तर उन्हाळ्यात सावली पडते आणि थंडीत ऊन आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे. त्यापुढे छज्ज्याचे काही चालत नाही. तेव्हा इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी, खोल्यांची तोंडे उत्तर-दक्षिण करावीत, आणि पश्चिमेच्या टोकाला जिना, न्हाणीघरे, कोठी अशा गोष्टी सारून द्याव्यात. मध्ये अंधारी वाट आणि दोन्ही अंगांना खोल्या ही रचना स्वस्त पडते खरी. पण तीत वारा आरपार जात नाही, आणि एप्रिल-मेच्या परीक्षेत त्या काटकसरीची किंमत विद्यार्थी मोजतो.

पाण्याचेही तसेच. भारतीय मानकांप्रमाणे वसतिगृहात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. दोनशे जणांना २७,००० लिटर लागते. एकट्याच्या खोलीला निदान साडेसात चौरस मीटर जागा हवी असेही मानक सांगते. पैसा टप्प्याटप्प्याने मिळणार असेल, तर पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याचे नळ आणि स्वयंपाकघर ही पुढच्या पूर्ण संख्येच्या मानाने आधी करावीत. खोल्या मागाहून वाढविता येतात, जमिनीत पुरलेले नळ वाढविणे अवघड.

पण इमारत उभी राहिली म्हणजे ती सर्वांना मिळाली असे होत नाही. हा धडा मराठी मुलुखाने फार पूर्वी घेतला आहे. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. दार कोणालाही बंद नव्हते. तरी थोड्याच वर्षांत तिथे जवळजवळ केवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा महाराजांनी उलट टोकाने आरंभ केला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैनांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी एकेका समाजाची वसतिगृहे निघाली. एकत्र राहण्याच्या दृष्टीने ही वाट लांबची, हे कबूल केले पाहिजे. पण ती मुले शाळेपर्यंत पोचली.

पुढची पायरी साताऱ्यात चढली गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तिथे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकाच पंक्तीला बसत, स्वतः रांधत आणि कष्ट करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. वसतिगृहाचा खरा खर्च भिंतींत नसून रोजच्या शिध्यात असतो, हे त्या सोन्याने दाखवून दिले.

म्हणून आजच्या आराखड्यातही भोजनगृह आवाराच्या कोपऱ्यात ढकलू नये. ते मध्यावर, पण धूर खोल्यांकडे जाणार नाही अशा बाजूस असावे. रात्री ताटे उचलल्यावर तिथेच टेबलांवर वाचता यावे. जेवणाचा महिन्याचा आकार किती पडेल, तो कोणाला माफ होईल, कोणाला कामाच्या मोबदल्यात भागविता येईल, याचा हिशेब नकाशाबरोबरच मांडलेला असावा.

मुलींच्या वसतिगृहाबाबत आणखी एक माप घ्यावे लागते, आणि ते बहुधा राहून जाते. ग्रंथालयाच्या दारापासून वसतिगृहाच्या फाटकापर्यंत किती पावले आहेत, आणि त्या वाटेवर किती दिवे आहेत? ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे असले, तरी वाट काळोखी असेल तर मुलींसाठी ते सायंकाळीच बंद होते.