जळकं ऑइल अंगणात सांडू नये म्हणून

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडात जुन्या पिकअपचं ऑइल दारातच बदलायचं असेल, तर इंजिन थोडं गरम करून बंद करा. कोमट ऑइल भराभर उतरतं. कढत असेल तर हात भाजतो. पहिली धार लांब उडते, मग सरळ खाली येते, म्हणून टब पसरटच हवा. ऑइल सोडायचा तळाचा नट शेवटच्या आट्यांना आत दाबत फिरवून झटक्यात बाजूला घ्यावा. खरी घाण फिल्टर करतो: त्यावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवा, मगच खोला. जुनं रबर इंजिनलाच चिकटलेलं नाही ना, तेही बघा. राहिलं तर नवा फिल्टर गळणारच. सांडलंच तर लाकडाचा भुसा टाका, पाणी नको. जळकं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा. वाळवीसाठी खांबांना फासायची सवय सोडून ते कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाऊ द्या.