मलब्यातून पाणी मुरवणारी फरसबंदी

वाशिम जिल्ह्यातले मालेगाव असो की आसपासचे खेडे, जुना स्लॅब फोडला की मलबा बहुधा खड्डा बुजवायला जातो. त्यातले काँक्रीट वेगळे काढून फोडले, चाळले, तर त्याची गिट्टी पाणी मुरवणाऱ्या फरसबंदीला कामी येते. अशा फरसबंदीच्या काँक्रीटमध्ये रेती जवळपास नसतेच. साधारण एकाच मापाची गिट्टी, सिमेंट आणि बेताचे पाणी. दाण्यांमध्ये १५ ते २५ टक्के पोकळी राहते आणि पाऊस तिच्यातून थेट खाली उतरतो. पाण्याचा अंदाज हाताला कळतो: मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण सिमेंटचा लगदा बोटांतून ओघळता कामा नये. जुन्या गिट्टीला चिकटलेला मसाला पाणी पितो, म्हणून ती आधी भिजवून घ्यावी. साध्या काँक्रीटमध्ये अशी गिट्टी २५ टक्क्यांपर्यंत वापरायला आयएस ३८३ हे २०१६ चे मानक परवानगी देते. सिमेंटचा काही भाग अकोला जिल्ह्यातल्या पारस वीज केंद्राच्या राखेने भागवता येईल.

खरी अडचण खालच्या काळ्या मातीची. ती भिजली की फुगते आणि पाणी फार सावकाश जिरवते. म्हणून फरसबंदीखाली गिट्टीचा जाड थर आणि जादा पाणी नालीत नेणारा भोकांचा पाइप हवाच; हा खर्च टाळायचा असेल तर कामाला हातच लावू नये. शाळेचे अंगण, पायवाट, दुचाकींचा तळ यांना ही फरसबंदी उत्तम. सोयाबीन भरलेल्या ट्रकांच्या वाटेवर मात्र मुळीच नको. चाकांचा चिखल छिद्रे बुजवतो, तेव्हा मृगाआधी झाडून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती मोकळी करावीत.